दर तासाला चार फूट

उद्या मला ओढत नेणार आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांना ओढलं, आता माझी पाळी. कुठे नेणार ते विचारू नका, मीही विचारत नाही. या खाडीत गंजक्या जहाजांच्या रांगेत बांधून बसण्यापेक्षा काहीही बरं.

मी अमेरिकी आरमाराची टगबोट. बंदरात मोठ्या जहाजांना ढुसण्या देत फिरणाऱ्यांपैकी नव्हे. भर समुद्रात जायचं, मोडकं जहाज दोराला लावायचं आणि हजार मैल ओढून आणायचं, यासाठीच मला घडवलं. चार दणकट इंजिनं, मागचा डेक सखल, मोकळा आणि त्याच्या तोंडाशी पोलादी दोर गुंडाळायचा रहाट. तोफा नावापुरत्या. स्वभावच असा की धक्क्याला लागले की अंगात चुळबूळ सुरू. युद्धनौकांचे लोक फोटो काढायचे. माझी आठवण यायची ती काही मोडलं की मगच.

रहाटावर राज्य तांडेल रॉय हॅस्केटचं. लुईझियानाचा गडी, तोंडाने फटकळ. ओढताना दोर माझ्या मागच्या कडेवर घासतो. झीज एकाच जागी पडली तर तुटतो, म्हणून दर तासाला चार फूट दोर सोडायचा. कुणी टंगळमंगळ केली की हॅस्केट गरजायचा, "दोर काय सासऱ्याने दिलाय का रे? सोड की!"

महायुद्धात, एकोणीसशे चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात आम्ही पॅसिफिकमधून एक विनाशिका ओढत होतो. तिचं इंजिनघर उडालेलं, वर अठ्ठावन्न माणसं पंप मारत जगत होती. तिसऱ्या दिवशी वादळ आलं. नेमका थँक्सगिव्हिंगचा सण. आचाऱ्याने त्या हेलकाव्यांतही टर्की भाजली होती. हॅस्केट चाळीस तास जागा होता, तरी म्हणाला, "जा पोरांनो, गरम आहे तोवर खाऊन या. रहाट मी बघतो."

पोरं गेली, तो आहे म्हणून निर्धास्त खालीच राहिली. तो रहाटाला पाठ टेकून बसला आणि त्याला झोप लागली.

एक तास गेला, दोन गेले. दोराच्या तारा एकेक तुटत होत्या, मला कडेवर टोचत होत्या. मी थरथरत होते, पण वादळात कोण कुणाची थरथर ओळखतो? तिसऱ्या तासाला दोर तुटला. विनाशिका प्रवाळाच्या खडकांकडे वाहू लागली.

आम्ही वळलो. उलटे मागे सरकत तिच्या इतके जवळ गेलो की माझं सुकाणू तिच्यावर आपटता आपटता राहिलं. हॅस्केटने बारीक दोरी फेकली. पहिल्यांदा हुकली, दुसऱ्यांदा हुकली. तिसऱ्यांदा त्यांच्या डेकवरच्या व्हर्जिल ओडमने ती झेलली, साथीदारांबरोबर तिला बांधलेला जड दोर ओढून घेतला, खुंटाला बांधला आणि हात वर केला. पुढच्या लाटेनंतर तो तिथे नव्हता.

सत्तावन्न माणसं आम्ही बंदरात पोचवली.

माझा कॅप्टन प्रुइट नोंदवही उघडून हॅस्केटला म्हणाला, "वादळाने दोर तुटला, असं लिहितो."

"नाही, कॅप्टनसाहेब. मी झोपलो म्हणून तुटला, असं लिहा."

"वादळ लिहिलं तर कुणी विचारणार नाही, रॉय."

"ओडमची आई विचारेल. तिला खोटं नका कळवू."

कॅप्टनने खरं लिहिलं. हॅस्केटची तांडेलकी गेली. कपड्यांची पिशवी खांद्यावर टाकून तो उतरला, मागे वळून न बघता. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

त्याच्या हाताखालच्या पोरांनी मात्र ही गोष्ट पुढच्या पोरांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. माझ्यावरून बदली झालेले गेले त्या त्या बोटीवर ती गोष्ट घेऊन गेले. वाटेत बरीचशी सांडली.

आज दुपारी नवी टगबोट आली. माझ्या नाकाला दोर बांधताना तिचा तांडेल शिकाऊ खलाशाला दम देत होता, "दर तासाला एक हॅस्केट द्यायचा. चुकलास तर बघ!"

"हॅस्केट म्हणजे काय हो?"

"चार फूट दोर सोडायचा, त्याला म्हणतात."

"असं का म्हणतात?"

"म्हणतात, झालं! तुला काय करायचंय? बांध."

माझा जीव नुसता तडफडला. अरे बाबांनो, तो माणूस होता! दमलेला, पोरांना गरम जेवू घालणारा, खरं बोलणारा. पण त्यांना कसं सांगू? मला ओरडता येत असतं, तर हॅस्केटला झोप लागली तेव्हाच नसते का ओरडले?