तिने टिपलेला शब्द

माझी आई, व्हर्लीन स्टकी, टोपेका या आमच्या राज्याच्या राजधानीत, विधानभवनात एकतीस वर्षं समित्यांचं कामकाज टिपून घ्यायची. छोट्याशा यंत्रावर बोटं चालत. मान वर नाही, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. गर्भपातावर बंधनं घालणाऱ्या कायद्यावर सुनावणी लागली की पहिलं भांडण नावावरून. बंधनं मागणारे स्वतःला ‘जीवनवाले’ म्हणत, आम्ही त्यांना ‘विरोधक’. आम्ही ‘निवडीच्या हक्काचे’, तर त्यांच्या तोंडी ‘गर्भपातवाले’. आई ज्याने जे म्हटलं तेच लिहायची.

एका फेब्रुवारीत अशाच सुनावणीत मीही साक्षीला उभी राहिले. आमच्या संघटनेच्या कोरीनने पढवून ठेवलं होतं, "‘गर्भ’ म्हणायचं, डार्ला. चुकूनही दुसरा शब्द नको."

सुरुवात बरी झाली. पण माझ्या गरोदरपणाच्या पाचव्या महिन्याचं सांगताना मी बोलून गेले, "माझं बाळ जगणार नव्हतं. निर्णय मी घेतला."

आईची बोटं थांबली नाहीत.

सुनावणी संपल्यावर समितीच्या अध्यक्षांचा सचिव टीग तिच्या टेबलाशी आला. "स्टकीबाई, ‘गर्भ’ आहे तिथे सगळीकडे ‘न जन्मलेलं मूल’ करून टाका ना. वाचायला सोपं."

"सगळे तसं म्हणाले?"

"काही जण म्हणालेच की."

"त्यांच्या तोंडी आहेच. बाकीच्यांच्या तोंडात मी घालणार नाही."

"अध्यक्ष नाराज होतील."

"समितीत बोलून दाखवू दे त्यांना. तेही टिपून घेईन."

दाराशी उभी राहून मी ऐकत होते. ऊर भरून आला. आणि संध्याकाळी मीच तिच्या स्वयंपाकघरात तसलंच मागणं घेऊन गेले.

"आई, त्या एका ठिकाणी ‘गर्भ’ कर ना. कोरीन म्हणते, ते लोक तो शब्द धरून आपल्याला झोडपतील."

तिने बटाटा सोलायचा थांबवला. "तू म्हणालीस का तो शब्द?"

"निसटला गं."

"म्हणजे म्हणालीस."

"मी तुझी मुलगी आहे!"

"म्हणून काय? टीगला नाही म्हणायचं आणि घरच्यांना हो?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "डार्ला, आज तू बोललीस त्यात तेवढंच तुला कुणी शिकवलेलं नव्हतं."

मी दार आपटून निघाले.

कोरीनची भीती खरी ठरली. आठवड्याभरात ‘जीवनवाल्यां’च्या पत्रकावर ‘माझं बाळ’ एवढेच दोन शब्द आले. पुढचं सगळं कापलेलं. दुसऱ्या सुनावणीत एका आमदाराने ते पत्रक उंचावलं. "तुम्हीच म्हणालात ना हे?"

कोरीन माझ्या कानाशी कुजबुजली, "घाईत बोलले म्हण."

मी उठले. "मागच्या बैठकीचं टिपण वाचून दाखवा," म्हटलं. आईचं पान वाचलं गेलं, अख्खं.

"हो, मीच म्हणाले," मी म्हटलं. "बाळ माझं होतं, निर्णयही माझा होता. तुम्हाला मला जे नाव द्यायचं ते द्या. मी बोलले ते असं."

पत्रक खाली गेलं. कायदा मात्र झालाच, दोन मतांनी. कोरीन महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

त्या दुसऱ्या सुनावणीनंतर आईला घरी सोडायला मी निघाले. गाडीत बसून तिने पट्टा बांधला. मग म्हणाली, "आज सावकाश, स्पष्ट बोललीस. टिपायला काही त्रास झाला नाही."

याहून मोठी शाबासकी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. घर येईपर्यंत मी ताठ बसून गाडी चालवली.