दोन खोक्यांतली एक गाडी

काकांनी प्लॅस्टिकच्या छोट्या गाड्यांचे दोन संच आणले, तेव्हाच काकूंनी ओळखलं की ह्यांच्या डोक्यात धाकटा भाऊ घोळतोय. एका खोक्यावर चपट्या नाकाची गाडी होती, दुसऱ्यावर मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली. पहिलीचं पुढचं अंग नि दुसरीचं मागचं जोडलं की हुबेहूब ती जुनी गाडी.

ती जुनी गाडी दोघा भावांनी दोन ठोकलेल्या गाड्यांतून उभी केली होती. पुढचा भाग काकांनी कापला, मागचा धाकट्याने. जोड झकास बसला. पण गाडी रस्त्यावर काढली तर मागचं चाक पत्र्याला घासू लागलं. बॉडी लांब झाली होती. "तू चुकीचं कापलंस", "मी नाही, तू" असं करता करता गाडी भंगारात गेली आणि दोघा भावांमध्ये विस्तव जाईना.

आता धाकटा कामानिमित्त इकडे येणार होता. काकूंनी फोन करून त्याला जेवायला बोलावलं, तो हो म्हणाला. दोघांनी एका टेबलाशी बसून चार शब्द सरळ बोलावेत, एवढंच त्यांना हवं होतं. काकांचा बेत निराळाच.

"मापात कापलं की मापात बसतं. ही गाडी त्याच्या पुढ्यात ठेवतो. बघ म्हणावं!"

"अहो, त्याला जेवायला बोलावलंय की साक्षीला?"

"तू करवत धर. माझा हात थरथरतो."

काकूंचा जन्म शिवणकामात गेला होता, हात अजून पक्का. काकांनी दोन्ही बॉडींवर पेन्सिलीने रेघ मारून दिली आणि ते डोळे तपासून घ्यायला गेले.

काकूंनी रेघेवर कापलंच नाही. कापड बेतताना शिलाईसाठी कडेने जास्तीची जागा सोडतात, तिला माया म्हणतात. हाताला सवयच ती. दोन्ही तुकड्यांना त्यांनी गव्हाच्या दाण्याएवढी माया सोडली. ती नंतर घासून काढायची होती. पण दोन्ही कडा समोरासमोर धरल्या तर इतक्या सुरेख भिडल्या, की राहवलं नाही. लावला गोंद. तो गोंद प्लॅस्टिक वितळवून एकजीव करतो. मग खाली चाकं लावलेली चासी बसवून बघितली, तर मागचं चाक बॉडीतल्या त्याच्यावरच्या कमानीच्या पुढच्या कडेला अडकलं. कापडाची माया आत दुमडते. इथे ती बाहेरच राहिली होती.

काकांनी परतल्यावर चाक फिरवून बघितलं. "मी रेघ काय नक्षी म्हणून मारली होती?"

"उसवता नाही का येणार हो?"

"उसवतेय! तो परकर आहे का?"

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. काकांनी घाईघाईने गाडीवर वर्तमानपत्र टाकलं.

जेवण झालं, पण कसं? "वहिनी, दादाला म्हणावं मीठ इकडे दे." "अगं, त्याला सांग, त्याच्या कोपराशीच आहे." काकू मधल्यामध्ये टपाल वाहत होत्या. हात पुसायला धाकटा उठला आणि त्याला कोपऱ्यातली खोकी दिसली. त्याने सरळ शेजारचं वर्तमानपत्र उचललं. गाडी हातात घेतली, चाक बोटाने फिरवून पाहिलं. फिरेना.

"वा! अगदी तीच. घासतेसुद्धा!" तो खो खो हसला. "कापली कोणी?"

काकांचे कान लाल झाले. ते तोंड उघडणार तोच काकू म्हणाल्या, "मी, भाऊजी. दोन्हीकडे माया सोडली आणि घासायची राहिली. ह्यांची रेघ बरोबर होती."

धाकट्याचं हसू थांबलं. त्याने गाडी उलटी करून जोड पाहिला.

"दोन्हीकडे?"

"हो."

मग तो वहिनीला वगळून थेट भावाकडे वळला. "दादा, तू तेव्हा किती सोडलं होतंस?"

काका ताटाकडे बघत म्हणाले, "बोटभर. जास्तीचं काय, मागाहून काढता येतं."

"मीपण बोटभर."

"मग बोलला का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास? मला वाटलं, तू रेघेवर कापलंयस."

"मलाही तसंच वाटलं." काकांनी हनुवटी खाजवली. "पण राखून कापायचं तुझ्या डोक्यात भरवलं कोणी?"

दोघांच्या माना एकदमच वळल्या. काकू ताटं गोळा करत होत्या. ती जुनी गाडी कापण्याआधी खुणेसाठी खडू मागायला दोघेही त्यांच्या शिलाई मशीनपाशी आले होते, वेगवेगळे, आणि दोघांनाही त्यांनी तोच सल्ला दिला होता.

"बघता काय असे? राखून कापा म्हटलं होतं. न घासता जोडा म्हटलं नव्हतं!" असं म्हणून काकू ताटं घेऊन आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बारीक कानस आहे का रे दादा?"

"खणात बघ. खालच्या. आणि पुढच्या कडेने घास, मागून नको."

"कळतं मला."

"कळतं म्हणे! हळू."

काकूंनी गॅस बारीक केला. चहाला घाई नव्हती.