काट्यावरची गाडी

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं आमच्या गाडीत बसलो होतो आणि गाडी वजनकाट्यावर उभी होती. काट्यावर ट्रकांची वजनं करायचं काम माझी बायकोच करायची. मी इंजिनं दुरुस्त करतो. अपघातात चेपलेली एक स्पोर्ट्स कार मी भंगारातून आणली होती आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं ती पुन्हा उभी करत होतो. क्लच तेवढा बसायचा होता, म्हणून दुसऱ्या गाडीला टोचन लावून ओढत आणली होती.

ही गाडी जागेवरून सुटली तर ताशी शंभरच्या वेगाला किती सेकंदांत जाईल, हा आमचा वाद. गणित सोपं आहे. वजनाला इंजिनाच्या ताकदीनं भागायचं. एका हॉर्सपॉवरच्या वाट्याला जितके किलो कमी येतील, तितकी गाडी चपळ. इंजिन दोनशे हॉर्सपॉवरचं, म्हणून मी पाच सेकंद म्हणालो. वजन कुठलं धरलं, असं तिनं विचारलं. मी रिकाम्या गाडीचं सांगितलं.

"रिकामी गाडी काय आपोआप पळणार आहे?" ती म्हणाली.

ट्रक रिकामा आणि भरलेला असा दोनदा तोलण्यात तिचा जन्म गेला होता. तिनं मला आत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. तेवढ्यात माझा फोन वाजला. तिच्या तपासणीचा रिपोर्ट चांगला नव्हता, आजच दवाखान्यात या, असं डॉक्टर म्हणाले. गाडी एवढीशी, तिला सगळं ऐकू गेलं. मी उतरायला लागलो तर तिनं मनगट धरलं.

"हलू नका. आकडा थांबू दे."

समोरच्या पाटीवर आकडा थांबला. हजार किलोला थोडा कमी. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मग आम्ही उतरलो.

दवाखान्याच्या वाटेवर मी भागाकार केला. हॉर्सपॉवरला जवळजवळ पाच किलो. साडेपाच सेकंद म्हणालो. ती सहा म्हणाली. तुम्ही गिअर टाकता तो सावकाशपणा कोण धरणार, असं तिचं म्हणणं.

पुढे आजारानं ती फार वाळली. एकदा खाटेवरूनच म्हणाली, मी आता निम्मी झालेय, परत भागा. मी मनातल्या मनात भागलं आणि खरं तेच सांगितलं. फरक इतका बारीक की हातातल्या घड्याळावर कळणारही नाही.

"म्हणजे मी असले काय, नसले काय, सारखंच."

"गाडीला," मी म्हणालो.

ती हसली आणि पाणी मागितलं.

ती गेल्यावर मी क्लच बसवला. गाडी उत्तम चालते. मुलगी मागे लागली आहे. "बाबा, आईचं काट्यावर होतं तेवढंच माझं वजन आहे. मी बसते शेजारी, हिशेब बिघडणार नाही." मी तिला रविवारी जाऊ म्हणालो. त्यानंतर बरेच रविवार गेले.

मी अजून साडेपाचच म्हणतो. घड्याळ लावून बघायचं राहिलं आहे.