फ्रीव्हीलला वेल्डिंग

कंपवातानं आमच्या ह्यांचे पाय उंबऱ्यातच चिकटायचे. सायकलवर बसवलं की तेच पाय सुटायचे. डॉक्टरही म्हणाले, चालवू द्या. मग पवनानगरच्या रस्त्यानं रोज आमची वरात: नवरा सायकलवर, मागं पळणारी बायको.

मुलानं, प्रज्ञेशनं, हौसेनं गिअरची सायकल आणली. देखणी, हलकी. पण तिचं वळणच वेगळं. जरा पायडल मारायचं, जरा पाय थांबवून सोडून द्यायची, चढ आला की गिअर बदलायचा. ह्यांचे पाय एकदा थांबले की थांबले. कुठला गिअर टाकावा ह्या विचारातच चढावर आडवे झाले. पुन्हा जुनी काळी सायकल काढली. तिला गिअर नाहीत, विचार नाही. पण उतारावर तिच्यावरही पाय थिजायला लागले.

हनुमंत सायकलवाल्यानं उपाय काढला. पाय थांबले तरी चाक फिरू देणारं मागचं फ्रीव्हीलच वेल्डिंग करून जाम केलं. आता चाक फिरेल तसं पायडल फिरणारच.

"पप्पा, ह्यात पाय थांबवताच येत नाहीत," प्रज्ञेश वैतागला.

"मला तरी कुटं थांबवायचेत?"

पावसाळा सरेपर्यंत बरं चाललं. पाय रेंगाळला की पायडल त्याला उचलून पुढं न्यायचं, अन् पाय पुन्हा जोर धरायचा. मी कॅरिअरला नुसता हात लावून असायची.

काल धरणाकडच्या सपाट रस्त्यावर माझा हात भरून आला. हात बदलताना सायकल मंदावली, तसं ह्यांनी विचारलं,

"तू ढकलतीस व्हय गं?"

"न्हाई ओ, नुसता धरलाय."

"सोड बरं."

सोडला. पायडलनं त्यांचे पाय थोडा वेळ वर-खाली नेले, मग सायकल डुलायला लागली. धावत जाऊन धरली. पायांत जोर नव्हताच. किती दिवसांपासून नव्हता कुणास ठाऊक. चाकाबरोबर पाय फिरत होते, म्हणून दोघांनाही कळलं नाही.

"उतरवू का?"

"उतरून जाऊ कुटं?"

खरंच होतं. तसंच बसवून ढकलत निघाले. थांब्यावर जीपवाला सोपान ओरडला, "आबा, आज लय जोरात! मावशीला दमवलंत बगा!" माणसं हसली. ह्यांनी तिकडं बघितलं नाही.

घराच्या चढाला मी वाकून रेटत होते, आणि माझ्या रेट्यानं त्यांचे पाय गोल-गोल, अगदी व्यवस्थित फिरत होते.