सोपे तीन चेंडू

आपल्याकडे बेसबॉल खेळणारे मूठभर आणि बेसबॉलचं सर्टिफिकेट घेणारे ढीगभर. राज्य स्पर्धेचा कागद हाती लागला की सरकारी भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर हक्क सांगता येतो. त्यामुळे ज्यांनी जन्मात हातात ग्लोव्ह घातला नाही, तेही संघाच्या यादीत ऐटीत बसलेले असतात. किळस यावी असा कारभार, आणि करिष्मा त्यातूनच वर येत होती.

तिचे वडील लातूरकडचे, चाकणला कंपनीत प्रेस मशीनवर. ती पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. दोन वर्षांत तिने तालुका आणि जिल्हा पार केला होता, आता राज्य स्पर्धेला जाणारा संघ तेवढा राहिला होता. चऱ्होलीची दिव्या तिची कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवी बसून ती बोटांनी खूण करायची आणि करिष्मा तोच चेंडू टाकायची. दिव्याची खूण तिने आजवर एकदाही मोडली नव्हती.

निवड आकुर्डीच्या मैदानावर होती. संघटनेचे सेक्रेटरी दादासाहेब तिला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेले. गळ्यात शिट्टी, अंगाला अत्तराचा भपकारा.

"हे बघ पोरी, ती सृष्टी आपल्या घरातलीच समज. तिला तीन चेंडू सोपे टाक. तुझं नाव पक्कं."

"आणि नाही टाकले तर, सर?"

"पिचर काय, पुष्कळ मिळतात," ते हसून म्हणाले. त्या हसण्याने तिला शिसारी आली. चालता बोलता माणूस इतका बुळबुळीत असू शकतो, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. पण यादीत जागा मोजक्या होत्या. सृष्टी आत गेली तर कुणाचं नाव कापणार, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

सृष्टी कोरी करकरीत बॅट घेऊन उभी राहिली. धरलीही होती उलट्या हातांनी, निवड समितीतल्या एकाने पुढे होऊन तिचे हात बदलले. समितीला लाज वाटली नाही, ती वडापाव खात होती.

दिव्याने वेगवान चेंडूची खूण केली. करिष्माने लहान पोराकडे टाकावा तसा चेंडू टाकला. सृष्टीने तो टोलवला. टाळ्या पडल्या. दिव्याने पुन्हा तीच खूण केली, करिष्माने पुन्हा तसाच टाकला. दिव्या तोंडावरचा जाळीचा मुखवटा वर करून धावत आली.

"काय झालं गं? खांदा दुखतोय व्हय?"

"हो," करिष्मा म्हणाली. खोटं इतकं सहज आलं की तिला स्वतःचीच घाण वाटली.

"मग कशाला टाकतीस? सरांना सांगते मी."

"एकच राहिलाय. टाकते."

तिसराही टाकला.

संध्याकाळी यादी लागली. करिष्माचं नाव वर, सृष्टीचं शेवटी. दिव्याचं नव्हतंच. दादासाहेबांनी पेढ्याचा बॉक्स उघडून पहिला पेढा करिष्माच्या तोंडात कोंबला. थुंकावासा वाटला, पण सगळे बघत होते. तिने गिळला.

कुंपणापाशी दिव्या बसली होती. डोळे लाल, पण हातात मलमाची डबी.

"बस हितं. खांदा दाखव."

"राहू दे गं."

"गप्प. तुला राज्याला जायचंय. मी न्हाई तर न्हाई, आपल्यातलं कुणीतरी तरी खरं खेळणारं जातंय. दादासाहेबांच्या नावानं मी किती बोटं मोडली, पण तुझं नाव बघितलं नि बरं वाटलं बघ."

तिने टी-शर्टची बाही वर सारली आणि धडधाकट खांद्यावर मलम चोळायला सुरुवात केली. हात मऊ होता, जपून फिरत होता.

"हितं दुखतंय का?"

करिष्माच्या घशाशी पेढा आला.

"थोडं खाली," ती म्हणाली.