बुधवारची फेरी

"तोंड मोठं उघडा," दंतवैद्य म्हणाला आणि त्याने छोटा आरसा आत सरकवला.

खुर्चीतल्या बाईंचं तळ्याकाठच्या रस्त्यावर रोपांचं दुकान होतं. अर्धा जबडा बधिर झालेला, गालात कापसाचा बोळा, तरी त्यांना बोलायचंच होतं.

"तुमशी गाई..."

"बोलू नका."

"गाई हो, गाई! काय शुंदर आवाज येतो!"

"बाई, माझ्याकडे गाय नाही."

त्यांनी स्वतःच बोटांनी बोळा काढला. "गाडी हो डॉक्टर! ती हस्तिदंती रंगाची, बिनटपाची. दर बुधवारी दुपारी आमच्या वळणावरून जाते. रोपंसुद्धा माना वळवून बघतात."

दंतवैद्याने बोळा पुन्हा जागच्या जागी बसवला. "दुसऱ्या कुणाची असेल. माझी गाडी रस्त्यावर उतरत नाही."

त्याच्या माहितीप्रमाणे हे अक्षरशः खरं होतं. गाडी त्याच्या जन्माआधीची, दोनच माणसांची, शर्यतीच्या घराण्यातली. एका कोंबड्यांच्या शेडमध्ये ती त्याला गंजलेली सापडली होती. मग गावातल्या सगळ्यात चोखंदळ कारागिराकडे ती काही वर्षं राहिली. बैठकींचं कातडं घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्याने शिवलं, समोरची लाकडी पट्टी एकाच झाडाच्या एकाच फळीतून कापली, आणि रंग ठरवताना दंतवैद्याने आपल्या दवाखान्यातली दातांच्या छटांची पट्टी कारागिरासमोर धरली. "ही छटा," तो म्हणाला होता, "याच्यापेक्षा पांढरी खोटी वाटते." गाडी तयार झाल्यावर तिच्यासाठी अंगणाच्या कडेला काचेची खोली बांधली. प्रदर्शनालाही ती ट्रकवर चढूनच जायची; ट्रकपासून त्या खोलीपर्यंत, एवढाच काय तो त्याने तिला चालवलेला रस्ता.

सुरुवातीला बायकोने विचारलं होतं, "एकदा तळ्यापर्यंत जाऊन येऊ या का रे?"

"धूळ असते गं."

मग पाऊस होता. मग खडी टाकलेली होती. मग तो म्हणाला, प्रदर्शन झाल्यावर जाऊ; आणि प्रदर्शनं काही संपेनात. बायकोने विचारणं सोडून दिलं. आता येत्या रविवारीही एक मोठं प्रदर्शन होतं, जिथे परीक्षक टॉर्च घेऊन गाडीच्या पोटाखाली शिरत.

त्या संध्याकाळी दंतवैद्य नेहमीसारखा मऊ फडकं घेऊन काचेच्या खोलीत गेला, पण आज खिशात दवाखान्यातला आरसाही होता. पुढच्या जाळीमागे त्याने तो फिरवला आणि थांबला. तिथे एक पंख अडकला होता. चतुराचा असावा. खाली, दिव्याच्या कडेला, मोहरीएवढा रंग उडालेला होता.

रात्री जेवताना तो फक्त एकदा म्हणाला, "आई, तुझ्या नाकाचा शेंडा लाल झालाय."

"वय झालं की होतं तसं," आई म्हणाली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. बायको एकदम उठून आत गेली. आतून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

बुधवारी त्याने दुपारचे पेशंट पुढे ढकलले आणि तो चालत घरी आला. काचेची खोली रिकामी होती.

गाडी पुसताना बसायचं स्टूल त्याने ओढलं आणि तिथेच मधोमध बसला. गाडीविना ती खोली फारच मोठी दिसत होती, आणि जरा मूर्खासारखीही. काय बोलायचं ते त्याने मनाशी जुळवलं. विश्वास हा शब्द दोनदा येत होता. कारागिराचे कष्ट येत होते. शेवटचं वाक्य तर इतकं धारदार होतं की त्याने ते पुटपुटूनही पाहिलं.

तेवढ्यात लांबून आवाज आला.

आधी त्याला कळलंच नाही कसला. आवाज चढत गेला, वळणावर किंचित दबला, आणि वळण संपताच पुन्हा मोकळा होऊन वर गेला, एखादा गवई श्वास घेऊन पुढची तान उचलतो तसा. त्या इंजिनाचा एकेक भाग दंतवैद्याने हातात घेऊन पाहिला होता. पण हा आवाज त्याने कधीच ऐकला नव्हता. तो स्टुलावरून उठला आणि फाटकापर्यंत गेला, आणि तिथवर पोचेतो ते शेवटचं वाक्य त्याच्या डोक्यातून निसटलं होतं.

गाडी फाटकातून आत आली. स्टिअरिंगवर बायको. ती शहराच्या जलतरण तलावावर पोहणं शिकवायची, आणि बुधवारी तलाव साफसफाईसाठी बंद असायचा. तिच्या केसांचं घरटं झालं होतं. शेजारी आई बसली होती, दोन्ही हात हवेत उंच, डोळ्यांवर सुनेचा पोहण्याचा निळा चष्मा.

त्याला पाहून हात खाली आले. इंजिन बंद झालं.

"मला बोल," आई म्हणाली. चष्मा काढल्यावर तिच्या डोळ्यांभोवती दोन लाल वर्तुळं उमटली होती. "हिला एक शब्द बोलायचा नाही. मीच मागे लागले."

"खोटं," बायको म्हणाली. "किल्ली मी घेतली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई खोलीबाहेर यायला तयार नव्हत्या, तुला माहीतच आहे. बागेत चला, नको. मैत्रिणीकडे चला, नको. शेवटी थट्टेत विचारलं, त्याच्या गाडीतून येता का?"

"मग?"

"मी चप्पल घालेपर्यंत जिना उतरून खाली उभ्या."

दंतवैद्य गुडघे टेकून बसला आणि त्याने गाडीच्या नाकावरून बोट फिरवलं. आणखी एक मोहरी.

"रविवारी प्रदर्शन आहे," तो म्हणाला.

"आहे." बायकोचा आवाज खाली आला. "सांगणार होते रे. दर बुधवारी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, सांगितलं की संपलं."

तापलेलं इंजिन टिकटिक करत निवत होतं. आईने चष्म्याचा रबरी पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"दुसऱ्या गियरवरून तिसऱ्यावर जाताना," दंतवैद्य बसल्या बसल्याच म्हणाला, "अडकते का?"

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आधी अडकायची. वापरून वापरून मोकळी झाली."

"दोघीही," आई म्हणाली, आणि तिने गाडीतल्या गाडीत गुडघा वाकवून दाखवला.

त्याला हसू आलं. ते त्याने मिशीत दाबायचा प्रयत्न केला, पण त्याला मिशी नव्हती.

"बस इथे," आई स्टिअरिंगकडे बोट दाखवत म्हणाली. "तुझीच गाडी आहे. ने मला कोपऱ्यापर्यंत."

त्याने नेलं. प्रत्येक खड्याला वळसा घालत, दुसरा गियर न सोडता, मान पुढे काढून. एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांच्या पुढे निघून गेला. मागे वळून त्याने हातही केला.

"अरे," आई म्हणाली, "तू गाडी चालवत नाहीयेस. पुसतोयस."

कोपऱ्यावरून ते परतले. दोघंही उतरली. दंतवैद्याने खिशातून फोन काढला आणि अंगणातच उभं राहून बोलला.

"रविवारच्या प्रदर्शनातून माझं नाव काढा... नाही नाही, गाडी उत्तम आहे... रंग उडालाय, हो... दुरुस्तीला नाही द्यायची. ती सध्या कामात आहे."

मग तो दुसऱ्या बाजूच्या बैठकीत जाऊन बसला. बायकोने स्टिअरिंग हातात घेतलं आणि एकही प्रश्न विचारला नाही.

तळ्याकाठच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याने दाराची कड धरून ठेवली होती. पहिल्या वळणावर पुढे कुठेतरी 'टक' झालं आणि त्याने डोळे मिटले. दुसऱ्यांदा 'टक' झालं तेव्हा तो काहीतरी ओरडून सांगत होता आणि बायको "काय?" म्हणून ओरडत होती. वारा शब्द तोंडातूनच पळवत होता. पाण्यावरून वास येत होता, ओल्या गवताचा आणि गरम तेलाचा. तिसऱ्या वळणावर बायकोने एकदम गती वाढवली. दंतवैद्याचं तोंड मोठं उघडलं, आणि बराच वेळ मिटलंच नाही.

ते परतले तेव्हा उन्हं कलली होती. आई फाटकाशी उभी होती, चष्मा घालून, पदर कमरेला घट्ट खोचून.

"हं, उतर. माझी पाळी."

दंतवैद्य उतरला नाही. त्याचे केस उभे राहिले होते, कपाळावर धुळीचा पट्टा होता.

"आई," तो म्हणाला, "अजून एकच फेरी."

या आवाजात तो बऱ्याच वर्षांत काही बोलला नव्हता. आईने त्याच्याकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. सून स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती, पण तिचा एक गाल हसत होता.

"जा बाबांनो," आई म्हणाली. तिने चष्मा काढून मुलाच्या हातात ठेवला. "माझा गुडघा धरलाय जरा. मी बसते."

गाडी गेली. आई तुरुतुरु चालत काचेच्या खोलीतलं स्टूल घेऊन आली आणि फाटकात बसून ऐकू लागली. आवाज चढला. "दुसरा," ती स्वतःशीच म्हणाली. मग, "तिसरा." लोण्यातून सुरी फिरावी तसा. सुनेचा हात.

वळणापलीकडे आवाज बंद पडला. बराच वेळ काही ऐकू येईना. एक दार उघडून लागल्याचा आवाज झाला, मग दुसरं. मग इंजिन सुरू झालं, गचका खाऊन थांबलं, पुन्हा सुरू झालं. आणि मग साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा गियर कडकडला.

आई स्टुलावर सावरून बसली.

आवाज लांब जात राहिला. दुसरा. बराच वेळ दुसराच. ती स्टुलावर पुढे सरकली.

तिसरा.