पाच मतांनी नकार

आमच्या ग्रुपमध्ये पाच जण आहेत आणि स्वतःच्या घरात काय चाललंय याचा पाचही जणांना पत्ता नसतो. पण आम्ही बघतो त्या पोलीस मालिकेतली इन्स्पेक्टर आणि प्रेतं तपासणारा तो डॉक्टर यांच्या मनात काय आहे, ते आम्हाला मिनिटा-सेकंदासकट ठाऊक असतं. सहा सीझन झाले, पन्नासेक मुडदे पडले, सगळे खुनी सापडले, पण या दोघांनी एकमेकांना अजून धड नावाने हाक मारलेली नाही. खुनी कोण, हे आम्ही बघतही नाही.

ग्रुप चालवतात त्या एक निवृत्त शिक्षिका, आमच्या बाई. ज्याला जे दिसलं त्याने ते वेळेसकट लिहायचं आणि बाईंनी ते तपासायचं. 'एकोणिसावं मिनिट, त्याने तिच्यासाठी दार धरलं,' असं मी एकदा लिहिलं आणि त्यावर तीन दिवस कीस पडला. दार आपोआप मिटणारं होतं म्हणून धरलं, असं टेलरकाका म्हणाले, तर त्यांना आठवडाभर ग्रुपबाहेर बसवलं. बाईंचं म्हणणं एकच : दोघांनी बोलून टाकलं की गंमत संपली.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. शेजारच्या टेबलावरचा कारागीर मेणाचा साचा घडवायचा आणि मी त्यात दात बसवायचे. नऊ वर्षं आमच्या सुऱ्या एकाच बर्नरवर तापल्या. माझी सुरी तापली की तो मूठ माझ्याकडे करून द्यायचा. याबद्दल मी ग्रुपवर कधी अक्षर लिहिलं नाही.

एका मंगळवारी जेवणानंतर त्याने बर्नर बंद केला.

"मी दुसऱ्या गावी स्वतःची लॅब टाकतोय," तो म्हणाला. "तू येशील का? कामाला नाही म्हणत मी. लग्न करून. मला तू आवडतेस, बरीच वर्षं झाली. शुक्रवारपर्यंत सांग."

मला इतका आनंद झाला की हातातल्या कवळीत मी दोन्ही सुळे एकाच बाजूला बसवले. मग घरी गेले आणि नको ते शहाणपण सुचलं. ग्रुपवर विचारलं, "समजा, डॉक्टरने उद्या सरळ तोंड उघडून लग्नाचं विचारलं, तर तिने काय करावं?"

ग्रुपला ऊत आला. "नाही म्हणावं," टेलरकाका. "तो लांब जाईल, झुरेल, मग खरी मजा." माझ्या भाचेसुनेने भर घातली, "नाही म्हणताना डोळ्यांत थोडं पाणी हवं हं मावशी, म्हणजे समोरच्याला कळतं." बाईंनी निकाल दिला : नकार द्यावा, कारण सांगू नये, खरा असेल तो परत येईल. मतदान झालं. चार मतं नकाराला पडली. पाचवं माझं, तेही नकारालाच.

शुक्रवारी मी म्हणाले, "नाही." डोळ्यांत पाणी आणलं होतं. पण आमच्या लॅबमध्ये कवळीच्या ॲक्रिलिकच्या वासाने सगळ्यांचेच डोळे दिवसभर पाणावलेले असतात. तो "बरं" म्हणाला आणि साचा पुरा करायला लागला. महिनाअखेरीला टेबल पुसून, सगळ्यांना सांगून गेला.

मी वाट पाहिली. मूर्खासारखी, फोन उशाशी घेऊन. तो आता झुरत असेल या खात्रीवर चार महिने काढले. झुरत मीच होते, आणि त्यात मजा अजिबात नव्हती. शेवटी मीच फोन केला.

"ते 'नाही' खरं नव्हतं," मी म्हणाले. "मला यायचं होतं."

"मग तसं का म्हणालीस?"

एखादी थापही सुचेना. ग्रुप, मालिका, मतदान, सगळं सांगून टाकलं. सांगताना स्वतःचीच लाज वाटत होती.

"बाकीच्यांना विचारलंस," तो म्हणाला. "मला विचारायचं होतंस. मी दोनदा विचारणाऱ्यातला नाही, एवढं तरी सांगितलं असतं." मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. इथल्याच दवाखान्यात नर्स आहे. मी विचारलं, ती हो म्हणाली."

"किती दिवसांनी?" माझ्या तोंडून गेलं.

"लगेच," तो म्हणाला.